मोजमापातून समीकरणाकडे

अभियांत्रिकीच्या परीक्षेत ‘बोडे प्लॉट काढा’ हा प्रश्न ठरलेला. ट्रान्सफर फंक्शन दिलेलं असतं, सेमीलॉग कागद मिळतो, रेषा ओढल्या की मार्क. कारखान्यातल्या मोटरवर मात्र तिचं समीकरण लिहिलेलं नसतं. तिथे आधी मोजायचं, मग आलेख काढायचा आणि त्यावरून समीकरण शोधायचं. हे उलटं गणित प्रयोगशाळेतच शिकवावं लागतं.

सुरुवातीला एक बंद डबी पुरते. आत १० किलोओमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मुलांना हे सांगायचं नाही. फंक्शन जनरेटरने साइन लहर सोडायची आणि आत जाणारी व बाहेर येणारी लहर ऑसिलोस्कोपवर एकत्र पाहायची. १० हर्ट्झला दोन्ही जवळपास सारख्या. १५९ हर्ट्झच्या आसपास बाहेरची लहर ७१ टक्के उंचीवर येते आणि ४५ अंशांनी मागे पडते. त्याच्या बरंच पुढे गेल्यावर वारंवारता दहापट केली की उंची दहावा हिस्सा उरते. झालं, पहिल्या कोटीचं समीकरण हाती आलं. आतले सुटे भाग मात्र कळत नाहीत! १ किलोओम आणि १ मायक्रोफॅरड घातले तरी आलेख हाच येईल, कारण मोजमापातून फक्त दोघांचा गुणाकार कळतो.

फेज मोजणं किचकट, म्हणून मुलं ते टाळतात. पण खरी मेख तिथेच आहे. बेल लॅबचे हेन्ड्रिक बोडे यांनी दाखवून दिलं, की ‘मिनिमम फेज’ प्रणालीत उंचीच्या आलेखावरूनच फेज ठरतो. मोजलेला फेज त्याहून जास्त मागे असेल, तर कुठेतरी विलंब दडलेला असू शकतो. ५ मिलिसेकंदांचा विलंब १० हर्ट्झला १८ अंश खातो, ५० हर्ट्झला ९०. उंचीला धक्काही लावत नाही. तो हिशेबात धरला नाही, तर कागदावर स्थिर दिसणारा कंट्रोलर प्रत्यक्षात मोटरला हेलकावे खायला लावू शकतो.

मोटरचं आणखी एक दुखणं म्हणजे घर्षण. व्होल्टेज फार कमी ठेवलं तर ती अडखळते, वेगाची लहर साइन राहत नाही, आणि त्या आकड्यांवर मॉडेल उभं करण्यात अर्थ नसतो.

सॉफ्टवेअर तर प्रत्येक बिंदूतून जाणारं दहाव्या कोटीचं समीकरणही काढून देईल. त्यात मोजणीतल्या चुकाही समीकरणात शिरतात. म्हणून आधी हातानेच सरळ रेषा टेकवून पाहाव्यात. मग न मोजलेल्या एखाद्या वारंवारतेचं भाकीत वहीत लिहावं, आणि त्यानंतरच जनरेटरचा नॉब तिथे न्यावा.