कोरियांत पाहुणा म्हणून जातांना

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कोरिया हें नांव आतां केवळ भूगोलाच्या पुस्तकांतलें राहिलेलें नाहीं. तळेगांव व रांजणगांव येथें कोरियन कंपन्यांचे मोठे कारखाने आहेत. कोणाचा पुतण्या तेथें नोकरीस असतो, कोणाची भाची सोल शहरीं उच्च शिक्षणासाठीं निघालेली असते, आणि घरांतील लहान मुली कोरियन मालिका पाहून तिकडचे चार शब्द सहज बोलून दाखवितात. अशा वेळीं वडील मंडळींच्या मनांत साहजिकच प्रश्न येतो कीं, मुलानें तेथें जाऊन खावें काय आणि वागावें कसें? या प्रश्नांचीं उत्तरें शक्य तितक्या तपशिलानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. कोरियांत परक्याची परीक्षा त्याच्या भाषेपेक्षां त्याच्या वागण्यावरून अधिक होते. वडीलधाऱ्यांच्या घरांत वाढलेल्या मुलाचा या परीक्षेचा निम्मा अभ्यास घरींच झालेला असतो. उरलेला निम्मा मात्र नम्रपणें शिकावा लागतो.

येथें कोरिया म्हणजे दक्षिण कोरिया, १९४८ सालीं स्थापन झालेलें प्रजासत्ताक, असें समजावें. जपानी सत्तेंतून हा देश १५ ऑगस्ट १९४५ रोजीं मुक्त झाला. म्हणून आपला स्वातंत्र्यदिन तोच त्यांचाही राष्ट्रीय सण आहे.

लिपि आणि वाणी

प्रवासापूर्वीं परक्या देशाची लिपि शिकावी, हा सल्ला बहुतेक देशांच्या बाबतींत कोणी मानणार नाहीं. कोरियाच्या बाबतींत तो अवश्य मानावा. सेजोंग राजानें १४४३ सालीं सिद्ध करवून १४४६ सालीं प्रसिद्ध केलेल्या या लिपीस आज हांगुल म्हणतात. तींत १४ व्यंजनें व १० स्वर अशीं २४ मूळ अक्षरें आहेत. आपल्या वर्णमालेंत कण्ठ्य, दन्त्य, ओष्ठ्य असे वर्ग आहेत. तशाच प्रकारची वर्गवारी या लिपीच्या मुळाशीं आहे. विशेष हें कीं, अक्षरांच्या आकृतीही उच्चारस्थानांवरून घेतलेल्या आहेत. ककाराच्या अक्षरांत घसा अडविणाऱ्या जिभेच्या मुळाचा आकार आहे, नकाराच्या अक्षरांत वर टेकलेल्या जिभेच्या शेंड्याचा, आणि मकाराच्या अक्षरांत मुखाचा चौकोन. ज्यांनीं लहानपणीं शिक्षा व व्याकरण घोकलें आहे, त्यांस ही रचना पाहून आनंद झाल्यावांचून राहणार नाहीं. आठवडाभर रोज थोडा वेळ दिला, तर स्टेशनांचीं व दुकानांचीं नांवें वाचतां येऊं लागतात.

वाक्यरचनाही मराठी माणसास परकी वाटत नाहीं. कर्ता आधीं, कर्म मध्यें, क्रियापद शेवटीं, आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून. भेटतांना ‘आन्न्योंग हासेयो’ व आभार मानतांना ‘काम्सा हाम्निदा’ एवढें जरी नीट म्हणतां आलें, तरी ऐकणाऱ्याची मुद्रा प्रसन्न होते.

वय आणि मान

पहिल्याच भेटींत कोरियन मनुष्य वय विचारील. हा उद्धटपणा नव्हे. आपल्याकडे ‘ये’, ‘या’, ‘यावें’ असा भेद आहे, त्याहून सूक्ष्म भेद तिकडील क्रियापदांत आहेत. समोरच्याचें वय कळल्यावांचून कोणता प्रत्यय लावावा, हें ठरत नाहीं. जुन्या पद्धतीनें मूल जन्मतांच एक वर्षाचें धरीत आणि नववर्षाच्या दिवशीं सर्वांचें वय एकदम एकानें वाढे. जून २०२३ पासून कायद्याच्या व सरकारी कामांत जन्मदिवसापासून मोजलेलें वय मानण्यांत येतें.

वडिलांस नुसत्या नांवानें हांक मारणें तेथेंही असभ्य मानतात. मुलगा मोठ्या भावास ‘ह्योंग’ म्हणतो, तर मुलगी ‘ओप्पा’. मोठी बहीण मुलाची ‘नुना’, तर मुलीची ‘ऑन्नी’. रक्ताचें नातें नसलेल्या परिचितांसही हींच संबोधनें लावितात, जसें आपण दादा व ताई म्हणतों. खाणावळींतील प्रौढ बाईस ‘इमो’ म्हणून हांक मारण्याची चाल आहे, आणि इमो म्हणजे मावशी! शिक्षकास ‘सॉनसेंग’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ ‘आधीं जन्मलेला’ असा आहे. तेथील शिक्षकदिन १५ मे रोजीं, म्हणजे सेजोंग राजाच्या जन्मदिवशीं, पाळितात.

वडील माणसास कांहीं देतांना अथवा त्याच्याकडून घेतांना दोन्ही हात पुढें करावे. निदान डावा हात उजव्या हातास लावावा. भेटतांना किंचित् वांकावें. आगगाडीच्या डब्याच्या टोकांस वृद्धांसाठीं व अशक्तांसाठीं राखलेल्या जागा असतात. गर्दी असली तरी तरुण मंडळी त्यांवर बसत नाहींत. आपल्या मुलानेंही बसूं नये.

घर आणि पंगत

जोडे दाराशीं काढावे, हें मराठी मुलास सांगावयास नको. कोरियन घराची जमीन हिंवाळ्यांत ऊबदार असते. पूर्वीं चुलीचा धूर व उष्णता जमिनीखालच्या दगडी पोकळ्यांतून खेळवीत. हल्लीं नळांतून गरम पाणी फिरवितात. या पद्धतीस ‘ओन्दोल’ म्हणतात. जमीन अशी असल्यामुळें पुष्कळ घरांत व खाणावळींत मांडी घालून जेवण्याची रीत अजून आहे.

जेवतांना सर्वांत वडील माणसानें चमचा उचलल्यावर इतरांनीं सुरुवात करावी. भात व रसदार पदार्थ लांब दांड्याच्या चमच्यानें खातात, आणि कोरडे पदार्थ धातूच्या काड्यांनीं. वाटी हातांत उचलून तोंडाशीं नेऊं नये. काड्या भातांत उभ्या खोंचून ठेवूं नयेत. मृतांस अन्न अर्पण करितांना तसें करितात, म्हणून तें अशुभ मानलें जातें. मुख्य पदार्थाभोंवतीं लहान लहान वाट्यांतून तोंडीलावणीं येतात. त्यांस ‘बान्चान’ म्हणतात. त्यांचे निराळे पैसे घेत नाहींत व बहुधा तीं मागितल्यास पुन्हां वाढतात. वाढणाऱ्यास बक्षिशी देण्याचीही चाल नाहीं.

हिंवाळ्याच्या तोंडाशीं घरोघर कोबीचें ‘किम्ची’ घालितात. नातलग व शेजारणी एकत्र जमून हें काम उरकतात आणि तयार झालेलें किम्ची आपसांत वाटून घेतात. आपल्याकडील उन्हाळ्यांतील पापड-लोणच्यांचे दिवस ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस याचें वर्णन नको. या सामुदायिक प्रथेस २०१३ सालीं युनेस्कोच्या वारसायादींत स्थान मिळालें.

शाकाहारी माणसानें काय करावें?

आमच्या वाचकांस खरी चिंता आहे ती येथें. भाजी दिसली म्हणजे पदार्थ शाकाहारी, असें कोरियांत समजूं नये. किम्चींत बहुधा खारविलेली कोळंबी किंवा माशांचा अर्क घालितात. सोयाबीनच्या कढणास सुक्या मासळीचें पाणी आधार म्हणून असतें. ‘मांस नको’ एवढेंच सांगितलें, तर वाढणारी बाई सद्भावानेंच मासे किंवा अंडें घालून आणील. म्हणून मांस, मासे, अंडीं व त्यांचा रस यांपैकीं कांहींही चालत नाहीं, असें कोरियन लिपींत स्पष्ट लिहिलेला कागद जवळ ठेवावा. भात, भाज्या व तिखट चटणी एकत्र कालवून खाण्याचा ‘बिबिम्बाप’ हा पदार्थ मांस व अंडें वगळून मागतां येतो. चटणींत मांस घातलेलें नाहीं ना, तेवढें मात्र विचारावें.

दुसरा आधार बौद्ध मठांचा. तेथील पाकशाळेंत मांसमत्स्य वर्ज्य असून कांदा-लसणासारखे उग्र पदार्थही वर्ज्य असतात. हें ऐकून आमच्या घरांतील सोंवळ्या मंडळींस समाधान वाटेल; पण परंपरेनें वर्ज्य असलेल्या पांच पदार्थांत हिंगाचीही गणना होते, हेंही त्यांनीं ऐकून ठेवावें! २००२ सालापासून परक्या प्रवाशांस मठांत एकदोन दिवस राहण्याची सोय करण्यांत आली आहे. सोल शहरांत जोग्ये पंथाचें मठान्नगृहही आहे. दीर्घ मुक्कामास जाणाऱ्यानें मेतकूट, भाजणी व पापड घरून न्यावे आणि कुकर लावण्यास शिकूनच निघावें. ताजीं फळें व बियाणें मात्र नेऊं नयेत. त्यांवर निर्बंध आहेत.

प्रवास आणि पैसा

भारतीय पारपत्रधारकानें व्हिसा आधीं काढावा. तेथील घड्याळ आपल्यापुढें साडेतीन तास असतें. परदेशीं विमानें बहुधा इंचॉन येथें उतरतात. तेथून सोलच्या मुख्य स्थानकास जाणारी जलद गाडी तासाच्या आंत पोंचविते. दुकानांत ‘टी-मनी’ नांवाचें कार्ड मिळतें. त्यांत पैसे भरून ठेविले कीं भुयारी रेल्वे, बस व टॅक्सी या सर्वांस तें चालतें. बसमधून उतरतांनाही कार्ड यंत्रास लावावें. वाट शोधण्यास नेव्हर व काकाओ हे तिकडचेच नकाशे मोबाइलवर घ्यावे. २००४ सालीं सुरू झालेली द्रुतगति रेल्वे सोलहून बुसानला सुमारें अडीच तासांत नेते. वीज २२० व्होल्टची असते, परंतु तिकडील खोबणींत दोन गोल पिनाच बसतात.

नाण्यास ‘वॉन’ म्हणतात. नोटांवरील चित्रें पाहण्यासारखीं आहेत. हजाराच्या नोटेवर ई ह्वांग व पांच हजारांच्या नोटेवर ई ई हे विद्वान् आहेत, दहा हजारांच्या नोटेवर लिपिकर्ता सेजोंग आहे, आणि २००९ सालीं निघालेल्या पन्नास हजारांच्या नोटेवर चित्रकर्त्री शिन सा-इम-दांग आहे. ही बाई त्या ई ईची माता होय.

पोलिसांसाठीं ११२, आग व रुग्णवाहिकेसाठीं ११९ आणि प्रवाशांच्या चौकशीसाठीं १३३० हे क्रमांक पाठ असावे. हिंवाळ्यांत सोलला पारा शून्याखालीं जातो. शरद् ऋतु सर्वांत सुखद. मात्र आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेस, जी बहुधा आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास पडते, ‘चुसॉक’ हा सण येतो. त्या दिवशीं सारा देश पितरांस अन्न अर्पण करण्यास व त्यांच्या थडग्यांचें दर्शन घेण्यास गांवीं जातो; गाड्यांत जागा मिळत नाहीं व पुष्कळ दुकानें बंद असतात.

एवढ्यावरून तें आपल्यासारखेंच कुटुंबवत्सल राष्ट्र, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अपुरा ठरेल. कोरियांत आज तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बिऱ्हाडें एकट्या माणसाचीं आहेत. २०२३ सालीं तेथील दर स्त्रीमागें अपत्यांचें प्रमाण ०.७२ इतकें खालीं आलें. भाषेंत वडिलांचा मान जसाच्या तसा आहे, परंतु पुष्कळ वृद्ध एकटे व हलाखींत दिवस काढितात. एकट्यानें जेवण्यास तेथील तरुणांनीं ‘होन्बाप’ असा निराळा शब्दच केला आहे. आपला मुलगाही तेथें बहुधा एका खोलींत एकटाच राहणार आहे. म्हणून कोणा कोरियन कुटुंबानें घरीं बोलाविलें, तर त्यानें संकोच न करितां जावें. फळांची पेटी दोन्ही हातांनीं यजमानीणबाईंस द्यावी, आपण काय खात नाहीं हें आदल्या दिवशींच कळवावें, आणि जें चालेल तें आनंदानें खावें. घरच्या मंडळींनींही आठवड्यांतील एक वेळ ठरवून त्याच्याशीं बोलत जावें; तेथें रात्रीचे साडेआठ वाजतात, तेव्हां आपल्याकडे पांच वाजलेले असतात.