अर्धा वाटा वेगळा, पोटगी वेगळी

गोव्यात पत्नीला मालमत्तेत अर्धा वाटा असतो, मग पोटगी कशाला, असा प्रश्न घटस्फोटाच्या वेळी अनेकदा ऐकू येतो. प्रत्यक्षात हे दोन स्वतंत्र हक्क आहेत.

१८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. मात्र तिची वाटणी घटस्फोटानंतर होते व त्यास बराच काळ लागू शकतो. तोवर घरखर्च, औषधे आणि मुलांची फी थांबत नाही. ही गरज पोटगीतून भागते.

त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली अर्ज करता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा या कलमाने १ जुलै २०२४ पासून घेतली. घटस्फोटाचा दावा दाखल असणे आवश्यक नाही. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्रीही अर्ज करू शकते. समजा, वास्कोला दिलेली चोपडे येथील मुलगी माहेरी राहत आहे. तिला वास्कोला खेपा घालण्याची गरज नाही. पत्नी जेथे राहते तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे पेडणे तालुक्यातच, अर्ज करता येतो.

अंतिम निकालापूर्वी अंतरिम पोटगी मागता येते. प्रतिपक्षाला नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तिचा निर्णय व्हावा, असे कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले, तसेच पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे स्पष्ट केले. म्हणून समेटाच्या आशेवर अर्ज लांबवल्यास तेवढ्या महिन्यांच्या रकमेवर पाणी सोडावे लागू शकते.

पत्नी नोकरी करते एवढ्यावरून तिचा हक्क संपत नाही. मुलांचा हक्क तर आईच्या हक्काहून स्वतंत्र आहे. आईला पोटगी नाकारली गेली तरी पित्याची मुलांविषयीची जबाबदारी कायम राहते.

अर्जासोबत विवाहनोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या व औषधांच्या पावत्या आणि पतीच्या उत्पन्नाचा मिळेल तो पुरावा जोडावा. आदेश होऊनही रक्कम थकल्यास ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा. त्यानंतर या कलमाखाली वसुलीचे वॉरंट निघत नाही.

वकिलाचा खर्च हा अडसर ठरू नये. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.