बोटीत भरून गेलेलं बेट
लेखमाला : बेटांचे देश (भाग ६) – नाऊरू

मागच्या आठवड्यात तुवालूच्या सखल बेटांवर होतो. तिथून वायव्येला, विषुववृत्ताच्या जेमतेम अर्धा अंश दक्षिणेला, नाऊरू नावाचं एकच बेट आहे. सर्वांत जवळची जमीन म्हणजे किरिबातीचं बनाबा बेट, तेही ३०० किलोमीटरवर. नाऊरूचं क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. जगातलं हे सर्वांत लहान प्रजासत्ताक. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता १९ किलोमीटरचा; गाडी सावकाश हाकली तरी तासाभरात माणूस निघाल्या जागी परत. अधिकृत राजधानी नाही. सरकारी कचेऱ्या यारेन जिल्ह्यात आहेत आणि संसदेतून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर विमानतळाची धावपट्टी.

माणसं राहतात ती बहुतेक किनाऱ्यालगतच्या दीडशे ते तीनशे मीटरच्या पट्टीत. नैऋत्य भागात बुआडाचं मचूळ पाण्याचं तळं आहे, त्याच्या काठीही थोडी वस्ती आणि बरीच झाडी. उरलेला सगळा मधला भाग उंचवट्याचा. तिथले लोक त्याला ‘टॉपसाइड’ म्हणतात. तिथे प्रवाळी चुनखडीचे राखाडी सुळके दाटीवाटीने उभे आहेत, कित्येक दोन पुरुषांहून उंच. त्यांच्यामधून धड चालता येत नाही, नांगर घालायचा तर प्रश्नच नाही. हे सुळके निसर्गाने घडवले, पण उघडे पाडले माणसाने. त्यांच्यामधल्या घळी एकेकाळी काठोकाठ भरलेल्या होत्या आणि त्यात होतं फॉस्फेट, तेही जगातल्या उत्तम प्रतींपैकी.

ते सापडल्याची हकिगत मजेशीर आहे. पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या सिडनीतल्या कचेरीत नाऊरूहून आणलेला एक दगड दार अडवायला ठेवला होता. दगड झालेलं लाकूड असावं, असा सर्वांचा समज. अल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्याला शंका आली आणि १८९९च्या सुमारास त्याने त्या दगडाची रासायनिक तपासणी केली. निघालं फॉस्फेट. तेव्हा बेट जर्मनीच्या ताब्यात होतं. जर्मन सरकारशी बोलणी झाली आणि काही वर्षांत खोदकाम सुरू झालं. हाती कुदळ-फावडं घेणारे मुख्यतः चीनमधून आणि पॅसिफिकमधल्या इतर बेटांवरून आणलेले मजूर होते. जमीन नाऊरूकरांची, पण त्यांच्या वाट्याला सुरुवातीला आला टनामागे अर्धा पेनी.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं. नंतर राष्ट्रसंघाच्या नावाने त्याचा कारभार ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांकडे आला. खाण चालवायला त्यांनी ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ नावाची संस्था काढली. या संस्थेचा हिशेब साधा होता: बाजारभाव काहीही असो, तिन्ही देशांच्या शेतकऱ्यांना खत स्वस्तात मिळालं पाहिजे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या कुरणांवर पडणाऱ्या सुपरफॉस्फेटमध्ये नाऊरू होतं, त्या गवतावर वाढलेल्या मेंढ्यांच्या लोकरीतही होतं.

माल बोटीवर चढवायचा कसा, ही मात्र मोठी अडचण होती. नाऊरूला नैसर्गिक बंदर नाही. प्रवाळाची कड संपली की समुद्र एकदम खोल होतो, नांगर तळाला पोहोचत नाही. म्हणून खोल पाण्यात तरंगते बोये बांधले, बोटी त्यांना अडकवल्या आणि किनाऱ्यावरून प्रवाळाच्या कडेपलीकडे पोहोचतील असे लोखंडी बाहू उभारले. पट्ट्यावरून सरकत आलेलं फॉस्फेट या बाहूंच्या टोकाहून थेट बोटीच्या पोटात पडायचं. लाटा उसळल्या की बोट सोडून द्यायची आणि समुद्र निवळेपर्यंत वाट पाहायची. खतासाठी केलेली ही यंत्रणा आजही आइवो जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दिसते.

आता माणसांकडे येऊ. १९३२मध्ये नाऊरूकरांची संख्या १,५०० झाली तेव्हा बेटावर उत्सव झाला. याहून कमी झालो तर जमात म्हणून टिकणार नाही, अशी भीती होती. तो दिवस, २६ ऑक्टोबर, आजही ‘अँगम दिन’ म्हणून साजरा होतो. पण दहाच वर्षांत जपानने बेट घेतलं आणि सुमारे १,२०० जणांना दूर ट्रुक बेटांवर नेलं. युद्धानंतर, ३१ जानेवारी १९४६ला, त्यांतले ७३७ परतले. पुढे बरोबर त्याच तारखेला, १९६८ साली, देश स्वतंत्र झाला.

त्याआधी ऑस्ट्रेलियाने एक तोडगा सुचवला होता: खाण संपली की बेट सोडा, क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर येऊन राहा. पण तिथे स्वतःचं राज्य मिळणार नव्हतं. हॅमर डीरॉबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४मध्ये नकार दिला. हेच डीरॉबर्ट पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९७०मध्ये खाण देशाच्या मालकीची झाली.

मग पैसा आला, तोही रग्गड. सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात नाऊरू जगातल्या अगदी श्रीमंत देशांच्या पंगतीला बसलं. प्राप्तिकर नाही, शिक्षण-आरोग्य फुकट. मेलबर्नमध्ये ५२ मजली ‘नाऊरू हाउस’ उभं राहिलं, देशाची स्वतःची विमान कंपनी निघाली. या पैशाचा एक धागा भारतापर्यंत येतो. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही खत कंपनी १९८१मध्ये स्थापन झाली ती भारत सरकार आणि नाऊरू यांची भागीदारी म्हणून. १९९३मध्ये नाऊरू त्यातून बाहेर पडलं. त्याच वर्षी लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीच्या आयुष्यावरचं एक संगीत नाटक नाऊरूच्या पैशावर रंगमंचावर आलं आणि काही आठवड्यांत बंद पडलं. फॉस्फेट आटत गेलं, कर्ज वाढलं. २००४मध्ये नाऊरू हाउस विकलं गेलं, २००५च्या अखेरीस एकुलतं एक विमानही सावकारांनी ओढून नेलं.

नाऊरूविषयी लिहिताना हा उधळपट्टीचा भाग चवीने सांगण्याची रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते. उधळपट्टी झाली, सल्लागारांनी लुबाडलं, हे खरं. पण त्याआधीच्या साठ वर्षांत बेटाचा मोठा हिस्सा पडत्या भावाने गेला होता आणि खणलेली जमीन दुरुस्त करायची जबाबदारी कोणी घेतली नव्हती. १९८९मध्ये नाऊरूने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. प्रकरण १९९३मध्ये तडजोडीने मिटलं, ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. टॉपसाइडचे सुळके मात्र बहुतेक जिथल्या तिथे आहेत.

राज्यकारभार छोट्या गावासारखा, सगळे सगळ्यांना ओळखतात. संसदेत १९ जागा, मुदत तीन वर्षं, राष्ट्राध्यक्ष खासदारच निवडतात. राजकीय पक्ष नावापुरते, त्यामुळे दोन-चार जण फिरले की सरकार पडतं. बर्नार्ड डोवियोगो तर सात वेळा राष्ट्राध्यक्ष झाले. मतदान सक्तीचं आहे आणि मोजणीची पद्धत नाऊरूची स्वतःची, १९७१पासूनची. ती सुचवणारे कायदा अधिकारी डेस्मंड डाउडॉल यांच्या नावानेच ती ओळखली जाते. मतदाराने सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा. पहिल्या पसंतीला एक गुण, दुसरीला अर्धा, तिसरीला एक तृतीयांश, चौथीला पाव. बेरीज ज्यांची जास्त ते निवडून आले. दोन उमेदवार घ्या: एकाला शंभर जणांची पहिली पसंती, दुसऱ्याला एकाचीही नाही, पण सव्वादोनशे जणांची दुसरी. दुसरा साडेबारा गुणांनी पुढे. नात्यागोत्याच्या मतदारसंघात सर्वांशी बरं ठेवणाऱ्याला ही पद्धत मानवते.

फॉस्फेट संपत आल्यावर विकायला उरलं काय? देश असण्याचे अधिकार. नव्वदीत परदेशी बँकांना कागदोपत्री पत्ता दिला, पासपोर्ट विकले. २००१मध्ये ‘टाम्पा’ या नॉर्वेजियन बोटीने समुद्रातून वाचवलेल्या ४३३ जणांना ऑस्ट्रेलियाने किनाऱ्याला लागू दिलं नाही. त्यांतल्या अनेकांना नाऊरूच्या छावणीत ठेवलं आणि बदल्यात मदत दिली. ही छावणी मध्ये काही वर्षं बंद होती, २०१२मध्ये पुन्हा उघडली. पत्रकारांनी तिथे फिरकू नये म्हणून की काय, २०१४मध्ये त्यांच्या व्हिसाचं शुल्क २०० डॉलरवरून ८,००० डॉलरवर नेलं. ऑगस्ट २०२५मध्ये ऑस्ट्रेलियाशी नवा करार झाला: तिथे राहू न शकणाऱ्या बिगरनागरिकांना नाऊरूने घ्यायचं, मोबदला सुरुवातीला ४० कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. तैवान की चीन, ही बाजूही देशाने तीनदा बदलली: २००२, २००५ आणि जानेवारी २०२४. याशिवाय टूना मासेमारीचे परवाने आहेत, त्यांचं उत्पन्न चांगलं आहे आणि त्यात कोणाची छी-थू होत नाही.

२०२५मध्ये पासपोर्ट पुन्हा विक्रीला आले, या वेळी हवामान बदलाच्या नावाने. सुरुवातीला किंमत एक लाख पाच हजार अमेरिकी डॉलरपासून होती. किनारपट्टी समुद्राच्या तोंडी असल्याने बहुतेक वस्ती वर, टॉपसाइडवर हलवायची, अशी सरकारची योजना आहे. त्यासाठी आधी सुळके फोडून जमीन सपाट करावी लागेल, मग घरं, पाणी आणि वीज. पासपोर्टचे पैसे याच कामासाठी वापरायचे आहेत.

(पुढच्या आठवड्यात : पलाऊ)