लिंबूवर्गीय फळांतील द्रव्यांचे चयापचय आणि शरीराचे वजन

प्रस्तावना :
संत्रे, मोसंबी, लिंबू, पपनस ही फळे प्रामुख्याने 'क' जीवनसत्त्वासाठी ओळखली जातात. तथापि त्यांत हेस्पेरिडिन, नॅरिंजिन, लिमोनिन यांसारखी इतर अनेक वनस्पतिजन्य द्रव्येही असतात. यांपैकी हेस्पेरिडिन हे लेब्रेटन या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने इ.स. १८२८ मध्ये संत्र्याच्या सालीच्या आतील पांढऱ्या थरातून वेगळे केले. (आपण संत्रे सोलताना नेमका हाच भाग निगुतीने काढून टाकतो!) एकच फळ खाल्ले असता स्थूल आणि कृश व्यक्तींच्या शरीरात या द्रव्यांचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हेस्पेरिडिनचा प्रवास :
हेस्पेरिडिनच्या रेणूला रुटिनोज ही शर्करा जोडलेली असते. लहान आतड्यातील विकरांना ती तोडता येत नाही. त्यामुळे हे द्रव्य बव्हंशी तसेच मोठ्या आतड्यात पोहोचते. तेथील जिवाणू शर्करा वेगळी करतात व मुक्त झालेले हेस्पेरेटिन शोषले जाते. पुढे आतड्याची भित्तिका व यकृत यांत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडले जाऊन ते मूत्रावाटे बाहेर पडते. संत्र्याचा रस प्यायल्यानंतर रक्तातील त्याचे प्रमाण साधारणतः ५ ते ७ तासांनी सर्वाधिक होते, ते याच कारणामुळे. येथे मुख्य काम जिवाणूंचे असल्याने व्यक्तिपरत्वे फार मोठा फरक पडतो.

स्थूल व्यक्तींच्या आतड्यातील जिवाणूंची रचना वेगळी असते, असे अमेरिकेतील जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखविले. नंतरच्या सर्वच अभ्यासांत मात्र हा फरक तसाच आढळला नाही. म्हणून केवळ वजन पाहून 'याला हेस्पेरिडिनचा लाभ कमी होईल' असे म्हणणे घाईचे ठरेल.

पाण्यात आणि मेदात :
'क' जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ते पाण्यात विद्राव्य असून मोठ्या शरीरात अधिक विरळ होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार ६० किलोच्या पुढे प्रत्येक १० किलो वजनामागे रोज सुमारे १० मिलिग्रॅम अधिक 'क' जीवनसत्त्व लागते. सरसकट सर्वांना एकच मात्रा सांगण्याची आपली पद्धत यामुळे सदोष ठरते.

याउलट सालीच्या तेलातील लिमोनिन हे मेदविद्राव्य आहे. सालीसह केलेले लिंबाचे सरबत चार आठवडे रोज दिल्यावर स्वयंसेवकांच्या मेद-ऊतींत लिमोनिनचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढल्याचे २०१० मध्ये आढळले. अशा द्रव्याच्या बाबतीत एकूण वजनापेक्षा शरीरातील मेद किती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

भारतीयांच्या संदर्भात तर तो कळीचाच आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा देहवस्तुमान निर्देशांक २२.३ असा अगदी समान होता. प्रत्यक्षात मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने त्या दोघांचे छायाचित्रच छापले. मेदात साठणाऱ्या लिमोनिनसारख्या द्रव्याच्या दृष्टीने ही दोन शरीरे समान मानता येणार नाहीत. वजनकाटा मात्र हा भेद दाखवीत नाही.