रॅम वाढवण्यापूर्वी

संगणक हळू झाला की दुकानदाराचा पहिला सल्ला ठरलेला असतो: रॅम वाढवून घ्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या बाजारपेठेतलं झेरॉक्सचं आणि दुरुस्तीचं दुकान, हे वाक्य कानावर पडतंच. सल्ला पुष्कळदा बरोबर असतो. जेव्हा नसतो तेव्हा मात्र पैसे जातात आणि संगणक होता तसाच राहतो. त्यातच २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी बनवण्याकडे कारखान्यांचा ओढा आहे, त्यामुळे घरगुती संगणकांच्या वाट्याला माल कमी येतो. अशा दिवसांत चुकीची रॅम घरी आणणं कुणालाच परवडणारं नाही.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, तर हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओटा अपुरा पडला की हाताशी हवी असलेली भांडी माळ्यावर ठेवावी लागतात आणि प्रत्येक फोडणीला शिडी लावावी लागते. संगणकही तेच करतो. रॅम भरली की तो त्यातला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. रॅममधून माहिती मिळायला शंभरएक नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर ती शोधायला दहाएक मिलिसेकंद. हा फरक सुमारे एक लाख पटींचा आहे. ब्राउझरचा एक टॅब सोडून दुसऱ्यावर गेल्यावर पडदा पांढरा होऊन थांबतो, तो बहुतेक वेळा या खेपांमुळे.

म्हणून खरेदीच्या आधी तपासणी. ती घरी होते आणि फुकट होते. रोजच्या वापरातलं सगळं एकदम उघडावं: ब्राउझर, एक्सेलची फाइल, व्हॉट्सॲप, मुलांच्या क्लासचा व्हिडिओ. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जावं. वापर ९० टक्क्यांच्या आसपास अडकून बसला असेल, तर रॅम खरोखरच कमी पडते आहे. वापर ५०-६० टक्के आणि शेजारी ‘डिस्क’ मात्र सतत १०० टक्के, असं दिसलं तर दोष रॅमचा नाही. तिथे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं हाच इलाज. दहा वर्षांपूर्वीच्या कितीतरी संगणकांना रॅमपेक्षा एसएसडीची गरज जास्त असते, हे ग्राहकाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

त्याच ‘मेमरी’च्या पानावर खाली बारीक अक्षरांत किती खाचे आहेत, त्यांतले किती भरलेत, रॅमचा वेग किती, हे लिहिलेलं असतं. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असं दिसलं, तर रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असण्याची दाट शक्यता. ती काढता येत नाही. ॲपलच्या मॅकबुक एअरमध्ये ती पहिल्यापासून अशीच आहे.

नावातल्या एका अक्षरानेही किती फरक पडतो, ते लेनोवोच्या दोन लॅपटॉपवरून कळतं. थिंकपॅड टी४४०एस आणि टी४४०पी ही दोन्ही २०१३ ची मॉडेलं. दोन्हींत इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघून ती जुन्या मालाच्या बाजारात येतात. टी४४०एसमध्ये ४ जीबी रॅम बोर्डावर डाखलेली आणि खाचा एकच. त्यात ८ जीबी घातली की १२ जीबीवर गाडी थांबते. टी४४०पीमध्ये दोन खाचे, म्हणजे १६ जीबीपर्यंत जाता येतं. टी४४०एससाठी ‘८ जीबीच्या दोन द्या’ म्हणणाऱ्याच्या हातात एक रॅम उगाच उरणार.

आता ती कोणती घ्यायची? उत्तर जुन्या रॅमच्या स्टिकरवरच छापलेलं असतं. समजा त्यावर ‘४जीबी १आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस’ असं इंग्रजी अक्षरांत लिहिलंय. ४ जीबी ही क्षमता. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३ पिढी. पुढचा ‘एल’ फार महत्त्वाचा: ही रॅम १.३५ व्होल्टवर चालते, साधी डीडीआर३ १.५ व्होल्ट मागते. वरच्या थिंकपॅडसारख्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना हा ‘एल’ लागतोच. साधी घातली तर यंत्र सुरूच होणार नाही असंही घडतं. उलट ‘एल’वाली रॅम सहसा जुन्या १.५ व्होल्टच्या यंत्रातही चालते. १२८०० हा आकडा सेकंदाला किती मेगाबाइट वाहू शकतात त्याचा. ८ ने भागला की १६०० हा नेहमीचा वेग मिळतो. शेवटचा ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची आखूड रॅम. डेस्कटॉपच्या लांब रॅमवर तिथे ‘यू’ असतो. ‘आर’ दिसला तर ती सर्व्हरची रॅम. स्वस्त मिळते म्हणून लोक उचलतात, पण घरच्या संगणकात ती चालत नाही.

पिढ्यांची सरमिसळ होत नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना असतात, म्हणून बघताना सारख्या वाटतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. बसत नाही म्हणून जोर लावला तर मदरबोर्ड जातो.

वेगाचा मोह मात्र सोडून द्यावा. दुसऱ्या पिढीचा आय३ डीडीआर३ ला १३३३ च्या वर चालवत नाही. त्यात १६०० ची घातली तरी ती १३३३ वरच पळते. दोन रॅम वेगवेगळ्या वेगांच्या असल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात. त्यापेक्षा सारख्या क्षमतेच्या दोन रॅम लावाव्यात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात मेमरीकडे जाणारे दोन रस्ते एकदम उघडल्याचा फायदा जाणवतो.

आणखी एक भिंत असते, तीही न दिसणारी. विंडोज ३२-बिटची असेल तर तिला ४ जीबीच्या पलीकडचं दिसतच नाही, आणि त्यातलेही अनेकदा सव्वातीनच हाती लागतात. ८ जीबी लावून उपयोग शून्य. ६४-बिटची विंडोज नव्याने टाकावी लागते आणि त्याआधी सगळ्या फाइली दुसरीकडे काढून ठेवाव्या लागतात. इंटेलच्या जी३१ चिपसेटचे डीडीआर२ वाले डेस्कटॉप तर मुळातच ४ जीबीवर अडतात. त्यांच्यावर आता खर्च करू नये.

बाजारातली डीडीआर३ रॅम बरीचशी जुन्या यंत्रांतून काढलेली असते. त्यात वाईट काही नाही. रॅम टिकाऊ वस्तू आहे. पण दुकानातच लावून दाखवायला सांगावं आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी. ‘फक्त एएमडीसाठी’ असं बारीक लिहिलेली स्वस्त रॅम इंटेलच्या यंत्रासाठी घेऊ नये. घरी बसवताना वीज पूर्ण बंद, लॅपटॉपची बॅटरी अलग, आणि हात आधी धातूच्या वस्तूला लावून अंगातली स्थिर वीज उतरवलेली. लॅपटॉपची रॅम तिरकी सरकवून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या पकडी ‘टक्’ करून बसेपर्यंत. पडदा काळाच राहिला तर घाबरू नये. सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलकेच पुसून, कण झटकून पुन्हा लावली की बहुतेकदा काम होतं. मग विंडोजमधलंच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ एकदा चालवावं. सदोष रॅम गुपचूप फाइली बिघडवते, आणि घरचे फोटो गेल्यावर ते कळून काय उपयोग?

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रॅम कितीही वाढवली तरी चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. पण ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेल्या अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंट सुखाने चालतं. त्याची शिफारसच ४ जीबीची आहे. ते आधी पेनड्राइव्हवरून सुरू करून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग नीट चालतंय ना, याची खात्री विंडोजला हात न लावता करून घेता येते.