पिवळी ज्योत, निळं बूड

न्यू जर्सीत थंडी ओसरली की परसातल्या फायर पिटवरचं हिवाळी आच्छादन निघतं. एडिसनच्या बाजूला मराठी घरांमागेही तो आता सर्रास दिसतो. बैठी चौकट, मधोमध कड्यासारखा बर्नर, त्यावर लाव्हा दगड आणि पोटात प्रोपेनचा सिलिंडर. लाकूड नाही, राख नाही, म्हणून साफसफाईही नाही, असं बरेच जण धरून चालतात. मला ते फार धोक्याचं वाटतं. गॅस, हवा आणि पाणी या तिघांच्या वाटा मोकळ्या ठेवणं, हे यातलं खरं काम.

आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून नळी सोडवायची. मग दगड उचलून चाळणीत हलवायचे, कारण त्यांचा चुरा बर्नरच्या भोकांत बसतो. लाव्हा दगड सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा, म्हणून तो उन्हात पूर्ण वाळवूनच परत ठेवते. मुलं नदीतले गुळगुळीत गोटे आणून हौसेने त्यात मांडतात, तेही वेचून बाजूला काढते. गोट्याच्या आत पाणी अडकलेलं असलं तर त्याची वाफ होते, तिला सुमारे १७०० पट जागा लागते आणि दगड फुटून कपच्या उडतात.

भोकं बारीक तारेने मोकळी करायची. टूथपिक नको, तिचं टोक आत मोडून बसतं. खालच्या ताटलीत पाणी निचरायचं भोक असतं. पाचोळ्याने ते तुंबलं की पावसाचं पाणी साचून बर्नर गंजतो.

सगळ्यात जास्त वेळ मी देते तो बर्नरच्या खाली. तिथे गॅस एका बारीक छिद्रातून जोरात बाहेर येतो आणि बाजूच्या खिडक्यांतून हवा ओढून घेतो. नेमकी हीच जागा कोळ्यांना आवडते. बाहेरून काही दिसत नाही, पण आतल्या विरळ जाळ्यानेही हवा कमी पडते. ज्योत मंद, धुरकट होते, दगडांवर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. वाट पुरती अडली तर गॅस त्या खिडक्यांतूनच उलटा बाहेर येतो आणि चौकटीच्या पोटात पेट घेऊ शकतो. अमेरिकेत गॅस ग्रिलच्या माहितीपुस्तिकांत कोळ्यांबद्दल इशारा छापलेला असतो, तो उगाच नव्हे. लांब दांड्याचा बारीक ब्रश आतून फिरवला की पांढरे धागे, कधी अंड्यांची पिशवीही बाहेर येते. शरद ऋतूत हे पुन्हा करावंच लागतं.

सगळं जागेवर बसवून सिलिंडर जोडला की साबणाचं पाणी. पिटचा नॉब बंद ठेवून सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि प्रत्येक सांध्यावर, नळीच्या पूर्ण लांबीवर फेस लावायचा. बुडबुडा फुगत राहिला तर गळती आहे. पुण्या-नाशकाकडे सिलिंडर पोचवणारा व्हॉल्व्हवर पाणी टाकून बघतो, तोच हा प्रकार. काडी ओढून गळती शोधायची नाही, कधीच नाही. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड, म्हणून तो वर न जाता चौकटीच्या तळाशी साचतो. खालच्या झरोक्यांतला पाचोळा याचसाठी काढायचा आणि वास घ्यायचा तोही वाकून, जमिनीजवळ.

नॉब सोडताच ज्योत विझत असेल तर ज्योत ओळखणाऱ्या दांडीवर, थर्मोकपलवर, काजळीचा थर आहे का ते पाहते. बारीक सँडपेपर हलकेच फिरवला की बहुतेक वेळा काम भागतं.

पेटवताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. एकदम उघडला तर रेग्युलेटरला गळती झाल्यासारखं वाटतं, तो गॅस आवळतो आणि ज्योत जेमतेम उठते. ज्योत धरलीच नाही तर गॅस बंद करून निदान पाच मिनिटं थांबते, साचलेला गॅस विरू देते.

सफाईनंतर पहिल्यांदा पेटवते तेव्हा भोवती कुणाला बसू देत नाही. वीसेक मिनिटं लांबून नुसती ज्योत बघते. वर पिवळी आणि बुडाशी निळी असेल तर ठीक. शेंड्याला काळा धूर दिसला, की गॅस बंद, पिट थंड होऊ द्यायचा आणि पुन्हा बर्नरखाली ब्रश घालायचा.