काळ्या मातीचे नॅनोगणित

मे महिन्यात नागपूरहून वर्ध्याकडे जाताना रस्त्याच्या कडेची उघडी शेते तुम्ही पाहिली असतील. जमिनीला हात आत जाईल एवढ्या रुंद भेगा पडलेल्या असतात. पावसाळा सुरू झाला, की याच भेगा बुजतात आणि तीच जमीन पायातली चप्पल ओढून घेण्याइतकी चिकट होते. नदीतली वाळू मात्र भिजली तरी फुगत नाही आणि वाळली तरी भेगाळत नाही. असे का व्हावे? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला नॅनोकणांच्या जगात जावे लागेल.

नॅनो म्हणजे केवढे?

'नॅनो' हा शब्द 'खुजा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर भरते. बोटाचे नख दर सेकंदाला साधारणपणे एक नॅनोमीटर वाढते!

१ ते १०० नॅनोमीटर या मापाच्या वस्तूंना नॅनोवस्तू म्हणतात. त्यांचे प्रकार फराळाच्या ताटावरून चटकन ध्यानात येतील. लांबी, रुंदी व जाडी ही तिन्ही मापे या मर्यादेत असली तर तो नॅनोकण. ही जणू बुंदी. दोन मापे लहान आणि लांबी मोठी असेल तर तो नॅनोतंतू, ही शेव. फक्त जाडीच तेवढी लहान असेल तर तो नॅनोपत्रा, हा पापड. अशा वस्तू हेतुपूर्वक बनवून त्यांचा उपयोग करण्याच्या विद्येला नॅनोतंत्रज्ञान म्हणतात. हा शब्द १९७४ मध्ये जपानचे नोरिओ तानिगुची यांनी वापरात आणला. निसर्ग मात्र नॅनोवस्तू कोट्यवधी वर्षांपासून घडवीत आला आहे.

लहान होण्याने काय साधते?

एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याच्या सहा पृष्ठांचे एकूण क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे १००० तुकडे केले, तर क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. असेच कापत एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर? वहीत गणित करून पाहा. उत्तर येईल ६००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर! पदार्थ मात्र तेवढाच राहिला. त्याचे वजन कणभरही वाढले नाही. रासायनिक क्रिया, चिकटणे, शोषणे या गोष्टी पृष्ठभागावर घडतात. म्हणूनच नॅनोवस्तू आपल्याच मोठ्या भावंडांपेक्षा निराळ्या वागतात. कधी कधी तर रंगही पालटतो. पिवळेधमक सोने वीसेक नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात पाण्यात तरंगत असेल, तर ते पाणी लाल दिसते.

मातीतले पापड

आता पुन्हा शेतात येऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरले. त्यातून झालेला बेसाल्ट खडक झिजून आपली काळी माती बनली. तिच्यातील चिकणमातीचा पुष्कळसा भाग स्मेक्टाइट या खनिजाचा असतो. हे खनिज म्हणजे नॅनोपत्र्यांची चळत होय. एकेका पत्र्याची जाडी अवघी एक नॅनोमीटर! पत्रे विलग करून मोजले, तर एक ग्रॅम स्मेक्टाइटचे पृष्ठफळ ६०० ते ८०० चौरस मीटर भरते. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. म्हणजे चिमूटभर मातीत अशी पाच मैदाने सहज मावतात.

या पत्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचे धन आयन त्यांच्यामध्ये धरून ठेवले जातात. पिकाची मुळे हे आयन घेतात; काळ्या मातीच्या सुपीकतेचे हे एक मोठे कारण आहे. पाऊस पडला, की पाण्याचे रेणूही पत्र्यांमध्ये शिरतात. कोरडेपणी एका पत्र्यापासून पुढच्या पत्र्यापर्यंतचे अंतर सुमारे एक नॅनोमीटर असते. पाण्याचे दोन थर शिरले की ते दीड होते. कोट्यवधी पत्रे असे एकदम सरकले म्हणजे जमीन फुगते. पाणी उडून गेले, की ते पुन्हा जवळ येतात आणि भेगा पडतात. एवढी सूक्ष्म अंतरे क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि-उपयोग नियोजन ब्यूरोत मातीतील खनिजे अशाच रीतीने ओळखली जातात.

या गुणाची दुसरी बाजूही आहे. पत्र्यांनी घट्ट धरलेले सगळेच पाणी मुळांना ओढून घेता येत नाही. म्हणून माती ओलसर असूनही पीक सुकू शकते. वाफसाही थोडेच दिवस टिकतो. काळ्या मातीवर उथळ पाया घेतलेल्या घरांच्या भिंतींना तडे जातात, तेही याच फुगण्या-आकसण्यामुळे.

नॅनो म्हटले की झाले?

२०२१ मध्ये द्रवरूप नॅनो युरिया बाजारात आला. अर्ध्या लिटरची एक बाटली ४५ किलोच्या एका पोत्याचे काम करील, असे सांगण्यात आले. आपण हिशेब करू. पोत्यातील युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे २०.७ किलो. त्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. तफावत हजारपट! पानांवर फवारल्याने खत वाया जात नाही, हे समर्थकांचे म्हणणे. एवढी तफावत त्याने कशी भरून निघेल, हा टीकाकार शास्त्रज्ञांचा प्रश्न. निर्णय शेतातील चाचण्यांनीच व्हायचा. आपण मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की कण लहान केल्याने पृष्ठभाग वाढतो, वस्तुमान वाढत नाही.

करून पाहा

दोन सारख्या पेल्यांत सारख्याच उंचीपर्यंत काळ्या मातीची कोरडी पूड व वाळू भरा. दोन्ही पातळ्यांवर खुणा करून हळूहळू पाणी घाला. दुसऱ्या दिवशी खुणा पाहा. मग थोडी काळी माती भरपूर पाण्यात ढवळून ते गढूळ पाणी दोन बाटल्यांत घ्या आणि एकीत तुरटी फिरवा. कोणते पाणी आधी निवळते? तुरटीतील ॲल्युमिनियमचे आयन धनभारित असतात, एवढे सुचवून ठेवतो. कारण तुम्हीच शोधून वर्गात सांगा.